खान्देशावर राण्यांनी राज्य केलं का? फलक रंगवण्याआधी हे पाहा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. शिरपूर तालुक्यातल्या तुमच्या गावच्या वाचनालयात ३१ मे रोजी अहिल्याबाईंच्या जयंतीला एक फलक लावायचा आहे, 'विलीनीकरणापूर्वी आपल्या भागावर राज्य केलेल्या राण्या' असा. चार रकाने आखून झाले आहेत: राणीचं नाव, राज्य, राजधानी, कालखंड. अहिल्याबाईंच्या नावापुढे राज्य म्हणून 'खान्देश' लिहायचं की 'इंदूर', इथे घोडं अडलं. मग कुणी चांदबिबी सुचवली, कुणी मुमताज महल, आणि तुळसाबाई होळकरांचं नाव निघताच समितीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी 'ते नाव नको' म्हणून सांगितलं. यादीत कुणाला घ्यायचं आणि कुणाला गाळायचं, हे तुम्ही विचारलं आहे.

मी धुळ्याला असते, मोडी वाचते आणि जुन्या घराण्यांची दप्तरं लावायला मदत करते. माझ्या मते तुमची अडचण नावांची नाहीच, रकान्यांची आहे. 'राज्य' म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे नकाशावरचा एका रंगाचा तुकडा येतो. अठराव्या शतकातला खान्देश तसा नव्हता. १७५२ मध्ये भालकीच्या तहानंतर निजामाचा इथला मुलूख मराठ्यांकडे आला आणि तो पेशवे, होळकर, शिंदे यांच्यात वाटला गेला. एका परगण्याचा वसूल होळकरांचा, शेजारच्याचा पेशव्यांचा, पलीकडे शिंद्यांचं ठाणं, असा मामला होता. त्यामुळे 'खान्देशची राणी कोण' या प्रश्नाला सबंध खान्देशापुरतं एकच उत्तर नाही. ते तुमचं गाव कोणत्या परगण्यात होतं आणि तुम्ही कोणत्या सालाबद्दल बोलता आहात, यावर अवलंबून आहे.

दुसरी गोष्ट विलीनीकरणाची. संस्थानं भारतात विलीन झाली ती १९४७ ते १९४९ या काळात. होळकरांचं इंदूर १९४८ मध्ये मध्य भारतात गेलं, भोपाळ १९४९ मध्ये आलं. पण खान्देशाचा मोठा भाग १८१८ मध्येच कंपनी सरकारकडे गेला होता आणि पुढे मुंबई इलाख्याचा जिल्हा म्हणून राहिला. सातपुड्यातली काठीसारखी मेवासी, म्हणजे डोंगरी सरदारांची, ठाणी सोडली, तर इथे १९४८ मध्ये विलीन व्हायला राणी नव्हती आणि राजाही नव्हता. म्हणून तुमच्या फलकाची सीमारेषा १९४८ धरू नका, १८१८ धरा. तेवढ्यानेच निम्मा गोंधळ संपेल.

आता कुणी राज्य केलं हे ठरवायचं कसं? 'राणी' ही पदवी मी शोधतच नाही. मराठी कागदात अहिल्याबाईंचा उल्लेख 'गंगाजळनिर्मळ मातुश्री' असा येतो, आणि राणी हा शब्द शोधत बसणाऱ्याच्या हातून असला कागद निसटतो. मी पाहते ते असं. हुकूम कुणाच्या नावाने सुटतो? वसूल कुणाच्या खजिन्यात जमा होतो? फौज कुणाचा शब्द मानते? आणि गादीवर पुढे कोण बसणार, हे ठरवताना कुणाचं मत चालतं? चारही गोष्टी एका हातात असतील तर प्रश्नच मिटला. बहुतेक वेळा त्या वेगवेगळ्या हातांत असतात, आणि तेव्हा कोणती गोष्ट त्या बाईंच्या हातात होती ते स्पष्ट लिहावं.

या कसोटीवर खान्देशातलं पहिलं नाव निघतं ते तुमच्या यादीत नाहीच, आणि मला त्याचं फार वाटतं. चाळीसगावजवळ पाटणादेवीचा परिसर आहे. तिथल्या महादेवाच्या देवळात शके १०७५ चा, म्हणजे इसवी सन ११५३ चा शिलालेख आहे. त्या भागावर निकुंभ घराण्याची सत्ता होती. लेखात वंशावळ दिली आहे: राजा इंद्रराज, त्याची सगर कुळातली राणी श्रीदेवी आणि मुलगा गोवन. इंद्रराजाने देवळाचं काम सुरू केलं आणि ते पुरं होण्याआधी तो वारला. मुलगा लहान होता, म्हणून श्रीदेवीने राज्याचा कारभार पाहिला. पुढे गोवनाच्या कारकिर्दीत देऊळ पूर्ण झालं.

एवढंच. ना लढाईचं वर्णन, ना पराक्रमाची कथा. पण ज्या बाईने कारभार पाहिला तिचं नाव तिच्या हयातीच्या आसपासच दगडावर कोरलं गेलं, तेही खान्देशातच, खान्देशातल्या घराण्याच्या लेखात. बाकी सगळ्या राण्या इथे महेश्वरहून, नगरहून, ग्वाल्हेरहून येतात. श्रीदेवी इथलीच. पाटणचं नाव आपण भास्कराचार्यांमुळे घेतो, आणि ते योग्यच आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, हेही तिथल्याच शके ११२८ च्या लेखात आहे. ज्या घराण्याने गणिताच्या मठाला दान दिलं, त्याची गादी दोन पिढ्यांपूर्वी एका विधवा राणीने सांभाळून ठेवली होती, हे फलकावर आलं तर वाचनालयात येणाऱ्या मुली ते थांबून वाचतील. तिच्यापुढे 'निकुंभ घराणे, पाटण' एवढं लिहा. कालखंडाच्या रकान्यात 'इ. स. ११५३ पूर्वी, मुलाच्या लहानपणी' असं लिहिलं की पुरे. निकुंभ पुढे देवगिरीच्या यादवांचे मांडलिक होते, तेव्हा 'सार्वभौम' वगैरे शब्द नकोत.

त्यानंतर फारुकी. १३८२ पासून १६०१ पर्यंत खान्देश हे खरोखर स्वतंत्र राज्य होतं, आधी तुमच्या शेजारच्या थाळनेरला आणि मग बुऱ्हाणपूरला राजधानी. थाळनेरला तापीच्या काठी त्यांच्या कबरी आजही उभ्या आहेत. या घराण्यातल्या स्त्रियांची नावं आली ती सोयरिकींतून. १५६४ मध्ये मुबारक शाह फारुकीने आपली मुलगी अकबराला दिली, ती राज्य वाचवण्यासाठीच. पण गादीचा कारभार स्त्रीच्या हाती गेल्याचं उदाहरण फारुकींत सांगता येत नाही, म्हणून इथून नाव उचलू नका.

मुमताज महलचं नाव गाळा. ती १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला बाळंतपणात वारली आणि ताजमहालात नेण्याआधी तिला तापीपलीकडे जैनाबादला दफन केलं होतं, हे खरं. ती बादशहाची बेगम होती. खान्देश तेव्हा मुघलांचा सुभा होता आणि तिथला अंमल सुभेदाराचा. इथे मरण आलं म्हणून कुणी इथली राज्यकर्ती होत नाही.

चांदबिबीचं थोडं वेगळं आहे. ती अहमदनगरच्या निजामशाहीतली, विजापूरला दिलेली, विधवा झाल्यावर तिथे लहान इब्राहिम आदिलशाहच्या वतीने कारभार पाहिलेली. १५९५ मध्ये मुघल फौज नगरच्या किल्ल्याला भिडली तेव्हा बालराजा बहादूरच्या वतीने तिने किल्ला लढवला आणि १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह केला. त्या वेळी खान्देशचा राजा अली खान मुघलांच्या बाजूने होता आणि पुढच्याच वर्षी गोदावरीकाठच्या लढाईत मुघलांकडून लढताना पडला. म्हणजे खान्देशचा राजा चांदबिबीच्या विरुद्ध बाजूला उभा होता! तिला 'आपल्या भागावर राज्य केलेली' म्हणता येणार नाही. तरीही तिची गोष्ट मला इथे लागणार आहे, ती तुळसाबाईंपाशी आल्यावर सांगते.

उमाबाई दाभाडे हे नाव कुणी सुचवलं नाही, पण तुमच्या भागातल्या माणसांना ते जवळचं वाटेल. माहेर अभोण्याचं, ठोके देशमुखांचं. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत मुलगा त्रिंबकराव पडल्यावर सेनापतिपदाचा सगळा कारभार त्यांनी चालवला आणि गुजरातच्या मोहिमेत जातीने उतरल्या. चैत्रात खान्देशातून पायी सप्तशृंगीला जाणारे लोक ज्या जुन्या पायऱ्या चढत आले, त्या उमाबाईंनी बांधवून घेतलेल्या. पण त्या राणी नव्हेत, छत्रपतींच्या सेनापतीच्या घराण्यातल्या कर्त्या. वेगळ्या चौकटीत त्यांचा उल्लेख करता येईल, यादीत नको.

आता अहिल्याबाई. इथे जरा सावकाश जाते, कारण फलक त्यांच्याच जयंतीचा आहे.

होळकरांची मुळं खान्देशात खोल गेलेली आहेत. मल्हारराव लहानाचे मोठे झाले ते तळोद्याला, मामा भोजराज बारगळांकडे. मामाचीच मुलगी गौतमाबाई त्यांना दिली. याच गौतमाबाईंच्या नावाने १७३४ मध्ये पेशव्यांनी खासगीची जहागीर करून दिली, तीत महेश्वरही होतं. खासगी म्हणजे घरच्या बाईची स्वतंत्र मालमत्ता: वेगळी गावं, वेगळा वसूल, वेगळा हिशेब. सरकारी दौलतीशी तिची सरमिसळ करायची नाही, असा दंडक. गौतमाबाई १७६१ मध्ये गेल्या आणि खासगी सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंतची देवळं, घाट, धर्मशाळा आपण त्यांच्या नावाने सांगतो, तो पैसा मुख्यतः या खासगीतला. अहिल्याबाईंच्या दानधर्माला आधार कशाचा होता असं मुलांनी विचारलं तर हे सांगा: तळोद्याच्या बारगळांच्या लेकीच्या नावाने झालेली जहागीर.

पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचं म्हणणं होतं की एक लहान मूल दत्तक घ्यावं, म्हणजे कारभार आपोआप दिवाणाकडे राहील, आणि त्यासाठी त्यांनी राघोबादादांना हाताशी धरलं. अहिल्याबाईंनी दत्तक नाकारलं, शेजारच्या सरदारांना पत्रं धाडली, फौज जमवली आणि थेट माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. माधवरावांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. गादीचा वारस ठरवताना स्वतःचं मत चालवणं, ही माझी चौथी कसोटी. अहिल्याबाई तिथेच जिंकल्या. पुढचं सगळं त्यानंतर आलं.

१७६७ पासून १३ ऑगस्ट १७९५ ला देह ठेवीपर्यंत दौलतीचा मुलकी कारभार महेश्वरहून त्यांच्या हुकमाने चालला. फौज तुकोजी होळकरांकडे होती. महेश्वरहून पुण्याला जाणाऱ्या बातमीपत्रांत या दोघांमधली पैशांची ओढाताण स्पष्ट दिसते: तुकोजी मोहिमेवरून खर्चाला पैसा मागतात, बाई आधीच्या रकमेचा हिशेब मागतात. म्हणजे हुकूम त्यांचा, खजिना त्यांचा, वारसाचा शब्द त्यांचा, आणि रणांगणावरची फौज दुसऱ्याच्या हाताखाली पण त्यांच्या पैशावर अवलंबून. शिवाय होळकर हे पेशव्यांचे सरदार. हे लिहिल्याने अहिल्याबाई लहान होत नाहीत. इतक्या बाजूंनी बांधलेल्या दौलतीचा कारभार त्यांनी अठ्ठावीस वर्षं सुरळीत ठेवला, हे उलट ठळक होतं.

तुमच्या फलकासाठी त्यांचा खान्देशाशी आलेला संबंध जागेवर दाखवता येतो. थाळनेर होळकरांकडे होतं. शिरपूरहून सेंधव्याकडे जाणारा घाट, आजचा मुंबई–आग्रा रस्ता, हा दख्खन आणि माळव्यातला दरवाजा. त्या डोंगरांत भिल्ल नाईकांचा दबदबा होता आणि व्यापारी तांडे लुटले जात. अहिल्याबाईंनी आधी बळ वापरून पाहिलं. मग पडीक जमीन दिली आणि डोंगरातून जाणाऱ्या मालावर ठरावीक हक्क घ्यायची मोकळीक दिली, त्याला भिलकवडी म्हणत. बदल्यात रस्ता राखायचा, आणि आपल्या हद्दीत चोरी झाली तर माल शोधून द्यायचा. खान्देशच्या वेशीवर चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे, रेणुकामातेच्या देवळाचा जीर्णोद्धारही त्यांचाच, आणि चांदवडच्या टांकसाळीतला चांदवडी रुपया आपल्याकडच्या बाजारात फिरत असे. ज्यांच्या घरी जुना चांदवडी रुपया असेल त्यांच्याकडून तो एका दिवसापुरता मागून घ्या आणि फलकाशेजारी काचेखाली ठेवा.

म्हणून त्यांच्यापुढे 'खान्देश' लिहू नका, आणि 'इंदूर' तर नाहीच. इंदूर राजधानी झाली ती त्यांच्या मागून, १८१८ मध्ये. 'होळकरांची दौलत (खान्देशातील होळकरी परगण्यांसह), महेश्वर, १७६७–१७९५' असं लिहा.

त्यांच्यानंतर काय झालं तेही फलकावर यावं, असं मला मनापासून वाटतं. बाई जाऊन सात वर्षं होतात न होतात तोच, १८०२ मध्ये, यशवंतराव होळकरांच्या फौजा पुण्याच्या वाटेवर खान्देशातून गेल्या आणि मुलूख उजाड करत गेल्या. पाठोपाठ पाऊस गेला आणि १८०३–०४ चा दुष्काळ पडला. गावंच्या गावं ओस पडली. ज्या घराण्याने इथे रस्ते राखले, त्याच घराण्याच्या घोडेस्वारांनी इथली शेतं तुडवली. आपल्या पूर्वजांनी दोन्ही भोगलं, मग लिहायचंही दोन्ही.

आता तुळसाबाई, यशवंतरावांच्या मागे होळकरांचा कारभार पाहिलेल्या. वडीलधारी मंडळी नको म्हणतात, त्यांचं कारण मला कळतं. त्यांच्याबद्दल जे वाचायला मिळतं ते वाईटच आहे: क्रूर, चंचल, कारभाऱ्यांच्या आहारी गेलेल्या. दौलतीचा कारभारी बाळाराम शेट याचा जीव त्यांच्या हुकमाने गेला, तेही झाकायचं कारण नाही. पण हे चित्र रंगवलं कुणी, ते आधी पाहावं. अहिल्याबाईंना देवत्व देणारं आणि तुळसाबाईंना काळं फासणारं, दोन्ही वर्णनं इंग्रजीत रूढ केली ती सर जॉन माल्कमने. हाच माल्कम महिदपूरच्या लढाईत होळकरांविरुद्ध लढला, यानेच मंदसोरचा तह केला, आणि १८१८ च्या जूनमध्ये असीरगडाच्या परिसरात दुसरे बाजीराव शरण आले तेही त्याच्यापुढे. ज्याने एक दरबार मोडला, त्यानेच त्या दरबारच्या शेवटच्या कर्त्या बाईचं चरित्र लिहिलं. त्याने अनेक माणसांना विचारून लिहिलं आणि त्यातलं पुष्कळ घेण्यासारखं आहे. पण आधीची बाई जितकी सोज्ज्वळ, नंतरची जितकी बिघडलेली, तितका कंपनीचा अंमल न्याय्य ठरतो, हे लक्षात ठेवून ते वाचावं.

माझ्या कसोट्या लावून पाहा. १८११ मध्ये यशवंतराव भानपुऱ्याला वारले. त्यांचा मुलगा मल्हारराव लहान होता, तुळसाबाईंनी त्याला मांडीवर घेतलं आणि त्याच्या नावाने कारभार पाहिला. हुकूम त्यांचा. खजिना त्यांच्याकडे, पण रिकामा. यशवंतरावांनी उभी केलेली मोठी फौज दौलतीला पोसवत नव्हती, पलटणींचा पगार थकलेला, आणि पगारासाठी त्या धरणं धरून बसत. फौज त्यांचा शब्द मानत नव्हती. अहिल्याबाईंच्या हाताशी भरलेली खासगी होती, यांच्या हाताशी थकबाकी. दोघींची तुलना करणाऱ्याने हा फरक सोडू नये.

१८१७ च्या शेवटी पेशवा इंग्रजांशी लढायला उभा राहिला. होळकरांच्या फौजेतले सरदार त्याच्याकडे झुकले. तुळसाबाई इंग्रजांशी बोलणी करताहेत असा त्यांना संशय आला. २० डिसेंबर १८१७ ला त्यांनी बालराजाला तंबूबाहेरून उचललं, बाईंना पकडलं, क्षिप्रेच्या काठी नेऊन शिरच्छेद केला आणि देह नदीत टाकला. दुसऱ्या दिवशी महिदपूरला होळकर हरले. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला आणि त्यात सेंधव्याच्या किल्ल्यासह सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख, म्हणजे खान्देशातलं होळकरांचं सगळं, कंपनीला गेलं. २७ फेब्रुवारीला इंग्रज फौज थाळनेरला आली. किल्लेदार तुळशीरामाने किल्ला लढवला, वेशीत झटापट झाली, शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. हे सगळं तुमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर घडलं आहे.

चांदबिबीची गोष्ट मागे ठेवली होती, ती आता घ्या. जुलै १६०० मध्ये तिलाही तिच्याच माणसांनी मारलं. आरोप हाच: शत्रूशी बोलणी करते. महिन्याभरात नगर पडलं आणि जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडून फारुकींचा खान्देश मुघलांकडे गेला. दोनशे सतरा वर्षांच्या अंतराने दोन कर्त्या बायका एकाच संशयावरून आपल्याच फौजेच्या हातून गेल्या, आणि दोन्ही वेळा काही महिन्यांत खान्देशाचा धनी बदलला. फौज मोठी आणि खजिना लहान झाला की तहाची भाषा बोलणारा माणूस पहिला बळी जातो, आणि तो माणूस राजाच्या नावाने कारभार पाहणारी बाई असेल तर तिच्यामागे उभं राहायला कुणी उरत नाही. चांदबिबीला आपण वीरांगना म्हणतो, तुळसाबाईंना कुलटा. त्यांच्या स्वभावात फरक असेलही, पण हे शिक्के मारण्याआधी दोघींची परिस्थिती शेजारी ठेवून पाहावी.

माझं मत स्पष्ट आहे: तुळसाबाईंचं नाव यादीत हवंच. १८१८ पर्यंतच्या खान्देशच्या होळकरी परगण्यांवर ज्यांच्या नावाचा हुकूम चालला, त्या शेवटच्या बाई त्या. 'होळकरांची दौलत, मल्हारराव तिसरे यांच्या वतीने कारभार, १८११–१८१७'. राजधानीच्या रकान्यात 'लष्करी तळ' लिहा, कारण त्या वर्षांत दरबार बराचसा छावणीतच होता. स्वभावाबद्दल एक अक्षरही लिहू नका, ना बरं ना वाईट.

बायजाबाई शिंद्यांना एक ओळ द्या. दौलतराव १८२७ मध्ये वारल्यावर १८३३ पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार त्यांनी पाहिला. बुऱ्हाणपूर १८६० पर्यंत शिंद्यांकडे होतं. म्हणजे उरलेला खान्देश इंग्रजांकडे गेला असताना त्याची जुनी राजधानी सहा वर्षं कागलच्या घाटग्यांच्या या लेकीच्या अमलाखाली होती. १८१८ च्या रेषेपलीकडचं हे एकच नाव मी ठेवेन, आणि ते तळटिपेत.

तेव्हा यादी अशी होते: श्रीदेवी, अहिल्याबाई, तुळसाबाई. खाली तळटिपेत बायजाबाई, आणि बाजूच्या चौकटीत 'खान्देशाशी नातं असलेल्या' म्हणून गौतमाबाई, उमाबाई, चांदबिबी. 'राज्य' हा रकाना खोडून 'घराणे व मुलूख' करा, आणि 'अधिकार' असा एक नवा रकाना काढा. झाशीच्या लक्ष्मीबाई, ताराराणी, भोपाळच्या बेगमा ही नावं कुणी आणेलच. त्यांचा मान मोठा आहे, पण तो फलक वेगळा.

राहिला तुमच्या गावचा प्रश्न. गाव होळकरी होतं की पेशव्यांचं, हे पुस्तकावरून ठरवू नका. जुन्या देशमुख, पाटील, कुलकर्णी घरांत विचारा. इनामाचा, वतनाचा किंवा वसुलाचा एखादा मोडी कागद निघतोच. त्यात सालाची ओळ पाहा. अरबी आकडे शब्दांत लिहिलेले असतात, एकमापासून चढत्या क्रमाने. 'सबा सबैन मया व अलफ' म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७७. हा सुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांतली सालगणना. त्यात इसवी सन काढायला जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवा आणि जानेवारी ते मे साठी ६००. म्हणजे तो कागद १७७६–७७ चा. अहिल्याबाईंच्या कारकिर्दीतले कागद ११६८ पासून ११९६ पर्यंत पडतात: 'समान सितैन' पासून 'सीत तिसैन' पर्यंत. साल त्यात बसलं आणि हुकूम होळकरांच्या कमाविसदाराचा, म्हणजे वसुली अधिकाऱ्याचा, निघाला, तर तुमच्या गावावर त्यांचा अमल होता हे तुम्ही छातीठोकपणे लिहू शकता.

कागद धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात दाखवता येईल, किंवा इथेच फोटो टाका, मी साल लावून देईन. फोटो उजेडात काढा, फ्लॅश नको. घड्या जोर लावून उलगडू नका, जुना कागद घडीवरच तुटतो. आणि पाठीमागची बाजूही घ्या, कारण लांब कागदांना जिथे जोड दिलेला असतो तिथले शिक्के पाठीवर असतात, आणि हुकूम कुणाचा ते बरेचदा तिथूनच कळतं.